नीळ लावलेल्या कोंबड्या

हाक मारली तर माणसानं ओ द्यावी. एवढं तरी मी माझ्या पोराला शिकवलं होतं. पण दोन वर्षं झाली, आमचा विपुल हाकेला ओ देत नाही. ओट्यावरून हाक मारा, तो पाठमोरा चालतच राहतो. जेवताना विचारलं, "वरनात मीठ बरोबर हाय का र?" तर ताटात बघून म्हणतो, "हां, उद्या आनतो." मला वाटायचं, डीजेचा मालक झालाय, टेम्पोवर स्वतःचं नाव रंगवलंय, आता आईची हाक त्याला हलकी वाटते.

चारचौघांत मी ते बोलूनही दाखवलं. "आमच्या सायबांना हाक मारायची तर आधी अर्ज द्यावा लागतो." लोक हसले. विपुलही त्यांच्याकडे बघून हसला, आणि मला आणखीनच राग आला.

आमचं घर राई गावात, खाडीच्या अंगाला. सासऱ्यांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. पुढे शेतात खारं पाणी शिरलं, मिठागर बंद पडलं, आणि जो तुकडा उरला त्यावर माझ्या नवऱ्यानं, काळूरामनं, कोंबड्यांची शेड घातली. तो जाऊन चौदा वर्षं झाली. शेड मी चालवली. बाराशे कोंबड्या, सगळ्या अंड्यांच्या. आता तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात, चौथ्या बाजूला उठतेय. वरच्या खिडक्यांतून लोक नाक धरून आमच्याकडे बघतात आणि सकाळी आमचीच अंडी खातात.

मी दुसरीपर्यंत शिकले. पण कोंबडी काय म्हणते ते मला कळतं. दिवेलागणीला शेडचे दिवे मालवले की मी दारात उभी राहायची. झोपण्याआधी कोंबड्या एकमेकींशी कुरकुरतात, दिवसभराचं उणंदुणं काढतात, आणि मग सगळी शेड एकदम गप्प होते. त्या गप्प होण्यात कुठे शिंक आली, कुठे घरघर लागली, ते मी कोपऱ्यासकट सांगायची. घार दिसली तर एक ओरडणं, मुंगूस आलं तर दुसरं. पाणी संपलं तर तिसरंच, नळावरच्या भांडणासारखं.

गेल्या गणपतीनंतर विपुलनं मशीन आणलं. आढ्याला चार माईक टांगले, भिंतीला एक डबा ठोकला. डबा चोवीस तास कोंबड्यांचा आवाज ऐकतो. शिंका वाढल्या, कोंबड्या घाबरल्या, की दारावरचा हिरवा दिवा लाल होतो आणि विपुलचा मोबाईल थरथरतो. मग मोबाईल विचारतो, हा आवाज नेहमीचा आहे का? माणसानं हो की नाही ते दाबायचं. त्यावरून मशीन शिकत जातं.

ते बसवायला पुण्याहून दोन पोरं आली होती. मी त्यांना म्हटलं, "बाबांनो, हे काम मी फुकट करतंय की." त्यांच्यासमोर विपुल म्हणाला, "आये, तुजा कान आता रिटायर कर."

"बरं," मी म्हटलं. "मग त्या डब्यालाच आय म्हन. मी शेडचा उंबरा चढनार न्हाय."

मी शब्दाची पक्की आहे. चार महिने चढले नाही. माझी सून चांदणी अंडी गोळा करायची, खाद्य टाकायची. मी ओट्यावर बसून अंडी पुसायची आणि शेडकडे पाठ करायची.

माघात नीरजची हळद झाली. नीरज माझ्या दिराचा नातू, त्यांचं अंगण आमच्या शेडला लागून. आमच्या आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी. दोन दिवस गाव नाचला. डीजे अर्थात विपुलचाच, माणसाएवढे भोंगे, छातीत धडधडायचं. कोंबड्या बुजतील म्हणून विपुलनं शेडचे पडदे दोन्ही बाजूंनी खाली सोडले. मंडपाला लाईन कमी पडली म्हणून शेडच्या पंख्यांची लाईन काढून तिकडे जोडली. पडदे बंद, पंखे बंद, खाली बाराशे कोंबड्यांची ओली विष्ठा. दोन दिवस त्यांनी तोच झोंबरा वास ओढला. माझ्या डोक्यात ते आलं नाही, हे मी कबूल करते. मी हळद लावण्यात आणि व्याह्यांचे मानपान काढण्यात गुंतले होते.

तिसऱ्या दिवशी पडदे वर गेले, पंखे लागले, दारावर दिवा हिरवा. सगळे सुस्तावून झोपले.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी ओट्यावर बसले होते. शेडमधले दिवे मालवले. कुरकुर झाली, पण शेड गप्प झाली नाही. आत बारीक तडतड चालली होती, चुलीच्या निखाऱ्यावर ओलं मीठ पडावं तशी. एकीकडून नाही, दोन-तीन कोपऱ्यांतून. माझ्या हातातलं अंडं तसंच राहिलं. ही घरघर होती. मला ती ओळखायला उंबरा चढायची गरज नव्हती.

मी दाराकडे बघितलं. दिवा हिरवा.

मनात म्हटलं, डबा ऐकतोय ना, ऐकू दे त्याला. सांगू दे तुमच्या डब्याला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती तडतड चार कोपऱ्यांतून आली. त्या दिवशीही मी तोंड उघडलं नाही. घरात जाऊन भाकऱ्या थापल्या.

सहाव्या दिवशी सकाळी चांदणी शेडमधून रिकामी टोपली घेऊन आली. "नऊ मेल्या," म्हणाली. दुपारी अकरा. पुढल्या सकाळी तेवीस. उरलेल्या मान आत ओढून, तोंडं उघडी टाकून बसलेल्या. विपुल मोबाईल दाखवत फिरत होता. "मशीन हिरवं दाखवतंय. गारठा असंल."

चांदणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या ओढणीला पिसं चिकटली होती. "आई, तुम्ही आत या."

"मी शब्द दिलाय."

"तो कोंबड्यांना दिला नव्हता." एवढंच बोलली आणि चपला घालून डॉक्टरांना फोन लावत निघून गेली. ही पोरगी एरवी माझ्यासमोर मोठ्यानं खोकतही नाही.

मी उठले. उंबरा चढले. आतला वास डोळ्यांत सुईसारखा शिरला. पायाशी एक कोंबडी पडली होती, अजून गरम. मी तिला उचलून पाठ कानाला लावली. निखाऱ्यावरचं मीठ. शेवटचे चार दाणे तडतडले आणि थांबले.

डॉक्टर समिधा आली. लहान चणीची, पण हाताची धीट. तीन कोंबड्या तिथेच कापून बघितल्या, श्वासनळ्या दाखवल्या, आत पिवळट शेंबूड. "मानमोडीची साथ नाही, तुमचं नशीब," ती म्हणाली. "आधी कोंदट हवेनं छाती धरली, मग त्यावर रोग बसला. औषध पाण्यातून देऊ. पण आजारी आणि चांगल्या एकत्र राहिल्या तर दोन दिवसांत शेड रिकामी होईल. आजच्या उजेडात वेगळ्या करा." मग तिनं विपुलचा मोबाईल मागितला. बराच वेळ अंगठ्यानं सरकवत राहिली.

"हळदीच्या दोन दिवसांत मशीननं तुम्हाला एक्केचाळीस वेळा विचारलंय, हा आवाज नेहमीचा आहे का. तुम्ही एक्केचाळीस वेळा हो दाबलंय."

विपुल तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता. "डीजे चालू व्हता. सारखा खिशात थरथरत व्हता. गप व्हावा म्हणून दाबलं."

"मग ते शिकलं. कोंबडी घाबरून ओरडते, घरघरते, ते सगळं नेहमीचंच. आता कितीही घरघरल्या तरी ते हिरवंच दाखवणार."

मी म्हटलं, "म्हंजे डब्याचा दोष न्हाय. डबा पोरासारका, शिकवलं तसं शिकला." विपुलनं मान खाली घातली. त्या वेळी मला त्याची दया आली नाही.

"आजी, बाराशे कोंबड्या कशा निवडणार?" डॉक्टरनं विचारलं.

"कानानं," मी म्हटलं.

एक-एक उचलायची, पाठ कानाला लावायची, दोन श्वास ऐकायचे. स्वच्छ असेल तर बाहेर, घरघर असेल तर शेडमध्येच. बाहेर म्हणजे नीरजच्या मंडपात. मंडप अजून उतरवला नव्हता, वारा खेळता होता. चांदणीनं माहेरचं मासेमारीचं जुनं जाळं काढून चारी बाजूंनी बांधलं. जिथे हळदीला नवरदेव बसला होता तिथे पाण्याची भांडी मांडली.

मी म्हटलं, "प्रत्येकानं आपली निशानी लावायची. मना उद्या एकमेकांकडं दाखवलेली बोटं नकोत." हळदीची वाटी उरली होती, ती मी घेतली. चांदणीनं कुंकू घेतलं. विपुलला दिली कपड्यांची नीळ. बाहेर सोडलेल्या कोंबडीच्या पंखाला आपापल्या रंगाचं बोट.

पण ऐकायचं कसं? मागच्या नव्या इमारतीच्या पायासाठी खांब ठोकत होते, लोखंडी ठोका पडत होता. धप्प, धप्प, जमीन हलत होती. मी पदर खोचून कुंपणापाशी गेले. तिथला सुपरवायझर डोक्यावर पिवळी टोपी घालून उभा होता.

"ओ शेठ! तुमारा धपधप बंद करो. मेरेकू कोंबडी का सांस सुनने का है."

त्यानं टोपी मागे सारली. "क्या सुनने का है, मावशी?"

"सांस! मर रही है सब. तुम्हारे मजदूर लोग रोज इधर से अंडा लेके जाते. कल से खाली भात खाने का है क्या?"

त्यानं घड्याळ बघितलं. "खाने की छुट्टी अभी दे देता हूँ. लेकिन दो घंटा. उसके बाद मेरे को ऊपर से गाली पड़ेगी."

"पड़ने दो. मेरी गाली से तो बचेगा."

ठोका थांबला. मी आजवर राईत एवढी शांतता ऐकली नव्हती. आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत बसलो. डॉक्टर औषध कालवत होती. उचल, ऐक, ठेव. उचल, ऐक, ठेव. दहातल्या चार स्वच्छ निघत होत्या, मग तीन, मग परत चार. चोची गालाला लागत होत्या. काही कोंबड्या हातातच मान टाकत होत्या, त्यांना बाजूला ठेवायलाही वेळ नव्हता. विपुल भराभर काम करत होता. त्याच्या कोपऱ्यातून सारख्या कोंबड्या बाहेर जात होत्या. मला वाटलं, चला, लाज वाटली पोराला, अंग मोडून करतोय.

दीड तास झाला असेल. मी पाणी बदलायला मंडपात गेले. जाळं उचलून आत शिरले आणि जागीच थांबले.

तडतड. मंडपातून.

हाताशी आली ती कोंबडी उचलली. घरघर. पंखाला नीळ. दुसरी नीळवाली उचलली, घरघर. तिसरी स्वच्छ. चौथी घरघर, पाचवी घरघर. मग हळदवाल्या दोन धरल्या, कुंकवाच्या दोन. त्या स्वच्छ होत्या, पण सगळ्या एकाच भांड्यात चोची बुडवत होत्या. पाच-सहाशे कोंबड्या एकत्र मिसळल्या होत्या. दीड तास ज्या आम्ही निवडल्या, त्यांच्यात विपुलनं आपल्या हातानं रोग सोडला होता.

तोंडात येईल ते बोलत मी शेडमध्ये शिरले. विपुल माझ्याकडे पाठ करून बसला होता, कोंबडी कानाला लावून. "विपुल!" मी ओरडले. त्यानं कोंबडीच्या पंखाला शांतपणे नीळ लावली.

चांदणी समोरून बघत होती. तिचा हात थांबला.

मी चार पावलं पुढे गेले. हळू आवाजात म्हटलं, "बाबू." लहानपणी मी त्याला बाबू म्हणायची. ह्या नावानं हाक मारली की तो झोपेतूनही उठायचा. ठोका बंद होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यानं पुढची कोंबडी उचलली, कानाला लावली, आणि कोंबडीच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघितलं. तिची चोच मिटलेली होती. त्यानं नीळ लावली.

तो ऐकत नव्हता. तो बघत होता.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. मागे वळला, माझं तोंड बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

"कवापासून?" मी विचारलं. ओठ नीट हलवून.

त्यानं चांदणीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिलाही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिनं स्वतःला सांगितलं नव्हतं.

"उजवा दोन वर्षं झाली," विपुल म्हणाला. "डावा गनपतीच्या आदीपासून. आत शिट्टी वाजते सारखी. भोंग्यासमोर उभा ऱ्हायल्यानं." त्याच्या हातातली कोंबडी धडपडत होती. "म्हणून मशीन आनलं, आये. मना शेडमधलं काय ऐकायला येत न्हवतं. तुजा कान रिटायर कर म्हनालो, ते… मना तुला इचारायला लागलं असतं ना. रोज. आज काय म्हनतात कोंबड्या, म्हणून. मग तुला समजलं असतं."

मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात मागे धप्प झालं. दोन तास संपले होते.

धप्प. धप्प. मी कोंबडी कानाला लावली, फक्त ठोका ऐकू आला. कुंपणाकडे धावले, सुपरवायझरनं लांबूनच हात जोडले. उन्हं कलायला लागली होती. पाच-सहाशे मंडपात मिसळलेल्या, उरलेल्या शेडमध्ये, त्यांत कित्येक न तपासलेल्या, आणि माझा कान आता माझ्याही कामाचा नव्हता. मी मंडपाच्या खांबाला टेकून मटकन खाली बसले. मांडीत एक नीळवाली होती. काळूराम गेला त्या दिवशीसुद्धा मी अशी बसले नव्हते. त्या दिवशी मला पुढे काय करायचं ते माहीत होतं.

दोन्ही हातांनी मी ती कोंबडी घट्ट धरली होती. बोटं तिच्या पंखाखाली, छातीच्या पिंजऱ्यावर. ठोका थांबून पुन्हा पडेपर्यंतच्या मधल्या वेळात माझ्या बोटांना काहीतरी लागलं. बारीक थरथर, श्वासाबरोबर. मी ती ठेवली, हळदवाली उचलली. बोटांखाली श्वास सरळ, रेशमासारखा.

"विपुल!" मी हाक मारली, आणि मग आठवण झाली. उठून त्याच्यासमोर गेले. त्याचे हात धरले, नीळवाली त्याच्या हातात दिली, बोटं पंखाखाली दाबली. "लागतंय?"

तो डोळे मिटून उभा राहिला. भोंग्यातलं संगीत छातीत कसं धडकतं ते ओळखण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती.

"लागतंय," म्हणाला. "थरथरतंय. मोबाईल थरथरतो तसं."

"मग आता हो नको दाबू," मी म्हटलं.

तिघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मंडपातल्या सगळ्या, मग शेडमधल्या. विपुलच्या प्रत्येक कोंबडीवर मी माझी बोटं फिरवत होते, सुरुवातीला दहातली एक चुकायची, मग तिसातली एक, मग चुकेना. घरघरणारी सापडली की तो पंखावरची नीळ ओल्या फडक्यानं पुसायचा आणि तिला परत शेडमध्ये नेऊन ठेवायचा. कितीतरी वेळा पुसली. त्याच्या मनगटापर्यंत निळं झालं होतं.

उजेड सरला तेव्हा मंडपात साडेतीनशेच्या वर काही होत्या. डॉक्टरनं जाळ्याबाहेरून पाण्याच्या भांड्यांकडे बघितलं. "ह्यांनी पण एकाच भांड्यातलं पाणी प्यायलंय," ती म्हणाली. "ह्यातल्या किती राहतील ते मी सांगू शकत नाही. शेडमधल्यांचं तर विचारूच नका." ती गेली. शेडच्या दाराशी मेलेल्यांचा ढीग होता. एकशे दहापर्यंत मी मोजल्या आणि सोडून दिलं. त्यांच्यावर दारातला दिवा पडला होता. हिरवा.

चांदणी पायरीवर बसली होती, कुंकवाची बोटं मांडीवर टाकून. विपुल ढिगापाशी उभा होता. मी त्याच्यासमोर गेले, त्याची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली. तो रडत होता. मी पुसलं नाही.

"माज्या तोंडाकडं बघ," मी म्हटलं. "बहिरा झालास म्हणून मी तुला एक शब्द बोलनार न्हाय. पन ऐकू येतंय, ऐकू येतंय म्हनत तू ह्या मारल्यास. आन् मना पहिल्या दिवशी ऐकू आलं, मी ओट्यावर गप बसले, म्हणून मी पन मारल्या. उद्या सकाली कानाच्या डाक्टरकडं जायचं, मी संगती येनार. मोबाईल आजपासून चांदनीकडं, हो-न्हाय तीच दाबनार. डीजे बंद, टेम्पोवरचं नाव तुज्या हातानं पुसायचं. आन् ह्यांचा खड्डा आता आपन दोघांनी खनायचा, तू आन् मी. चांदनी फावड्याला हात लावनार न्हाय."